देवघरातलं बियाणं

८ जानेवारी १९९७, बुधवार

आज सुष्मीची पिशवी उघडली. दिवाळीच्या सुट्टीत चंदगडकडून येताना वडापची जीप उलटली आणि आमची एकुलती एक मुलगी गेली. पोलिसांनी पिशवी आणून दिली तेव्हापासून ती धान्याच्या कोठीमागे पडून होती. हे दुकानाला गेल्यावर दार लावून बसले.

ओढणी, कंगवा, बिस्किटांचा फोडलेला पुडा. आणि खाकी कागदाच्या पुड्या, भाताच्या बियाणाच्या. शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. "अव्वा, लोक जुनी भातं टाकून द्यायला लागलेत, कोणीतरी ठेवायला पाहिजेत," असं म्हणायची आणि एसटीनं गावोगाव फिरायची. प्रत्येक पुडीवर तिच्या अक्षरात भाताचं नाव, गाव, कोणी दिलं, तारीख. घनसाळ. काळा जिरगा. बिस्किटांना मुंग्या लागल्या होत्या, पुड्या मात्र जशाच्या तशा.

एक पुडी सगळ्यांत मोठी, शेरभर तरी असेल. तिच्यावर 'नाव' लिहून पुढे जागा मोकळी सोडली आहे. खाली 'बाळाबाई, चंदगडच्या वरची वाडी. नाव पुन्हा जाऊन विचारणे.'

त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. हे जेवायला आले तेव्हा पुड्या चटईवरच होत्या.

"हे अजून घरात हाय व्हय?" म्हणाले. "ह्या मूठभर भातापायी माझी पोर गेली. उद्या पंचगंगेत सोडून ये."

लक्ष्मीपुरीत भुसाराचं दुकान. सगळा जन्म पोत्यांच्या थप्पीत गेला, पण ह्या पुड्यांकडे नजर टाकवली नाही ह्यांना.

९ जानेवारी

नदीवर गेले नाही. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "सोडलं?" मी म्हटलं, "सोडलं." शिवा, तूच पोटात घाल.

पुड्या देवघरात ठेवल्या आहेत. सुष्मी गेल्यापासून हे तिथं पाऊल टाकत नाहीत. लिंगपूजासुद्धा बाहेरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून उरकतात. घरात ह्यांचा हात पोचणार नाही अशी तेवढी एकच जागा उरली आहे.

९ मार्च १९९७

सुष्मीचं अक्षर फिकट पडायला लागलं आहे. बॉलपेननं लिहिलेलं. म्हणून परीक्षा घेतली. एकाच कागदावर चार ओळी लिहिल्या, एक बॉलपेननं, एक शाईनं, एक तिच्या स्केचपेननं आणि एक हिशेबाच्या शिसपेन्सिलीनं. वाडग्यात भिजवला, मग गच्चीवर उन्हात टाकला. शाई तर पाण्यातच गेली. स्केचपेनचा गुलाबी डाग राहिला, बॉलपेन उन्हानं पिवळं पडलं. शिसपेन्सिल होती तशी. सगळ्यांत स्वस्त तीच.

लग्नपत्रिकांचे जाड कोरे तुकडे कापले आणि सुष्मीनं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवून काढलं. एक चिठ्ठी पुडीवर, एक आत दाण्यांत, दोऱ्याची गाठ न सोडता घडीतून सरकवून. बाहेरची गेली तर आतली बोलेल. नाव दोन जागी असावं.

गेल्या आठवड्यात ह्यांनी रेशनकार्डावरचं सुष्मीचं नाव कमी करून आणलं. मला न सांगता. तांदूळ निवडताना कार्ड हाताला लागलं म्हणून कळलं.

२१ जून १९९७

पाऊस थांबत नाही. पापड सर्दावले, काड्यापेटी पेटत नाही. सकाळी काळ्या जिरग्याच्या पुडीला कसर लागलेली दिसली, सुष्मीच्या अक्षरातला 'का' खाऊन टाकलाय. 

शेजारणींकडून दूध पावडरचे रिकामे डबे मागून आणले. "नातवंड नसताना एवढे डबे कशाला हो?" एकीनं विचारलं. लोणच्याला, म्हटलं. धुऊन, वाळवून, तळाशी गोवरीची चाळलेली राख, वर कडुनिंबाचा पाला, त्यावर पुड्या सुष्मीनं दोरा बांधला होता तशाच, न सोडता. वरून चिमूटभर विभूती. झाकणाच्या फटीला मेणबत्तीचं मेण.

जमिनीवर ओल चढते म्हणून डबे नंदादीपाच्या वरच्या फळीवर मांडले. सगळ्या घरात तेवढी एकच जागा कोरडी असते. सासूबाईंच्या काळापासून तो दिवा विझलेला नाही.

२ जुलै

डबे हाताला कोमट लागतात. बाहेर एवढा गारठा असताना! देवाची ऊब आहे. आता काळजी नाही.

२४ ऑक्टोबर १९९७

आज माझा जीवच गेला होता. दिवाळीची आवराआवर म्हणून तानाबाईला भांडी घासायला जास्त वेळ ठेवून घेतलं होतं. मी बाजारातून येते तो हिनं देवघरातले डबे काढून, मेण खरवडून झाकणं घासली आणि उन्हात उपडी घातलेली. नावाच्या चिठ्ठ्या मी झाकणांवर चिकटवल्या होत्या. भिजून अर्ध्या सुटल्या, आणि कोणतं झाकण कोणत्या डब्याचं, सगळा काला.

"तानाबाई, काय केलंस हे!"

"काळीकुट्ट झालती की वैनी, दिव्याच्या काजळीनं. देवाम्होरं असली भांडी बरी दिसत्यात व्हय?"

"अगं, नावं होती त्यांच्यावर!"

"झाकण ते झाकण. तेला कसलं नाव? आमच्या घरात माणसांस्नी नावानं कोण हाक मारत न्हाय, आन तुमचं डबं नाव लावून बसल्यात."

एवढं बोलून ती हसली, मग माझं तोंड बघितलं. चहा ठेवला तिनंच. ओट्याशी बसून म्हणाली, "सुष्मीताईचं हाय व्हय ते? आदी सांगायचं न्हाईसा." शेटजींच्या कानावर घालणार नाही अशी अंबाबाईची शपथ घेतली.

आत पुड्यांवरच्या चिठ्ठ्या शाबूत होत्या, म्हणून वाचले. एकेक पुडी बघून पुन्हा लावलं. आता चिठ्ठी डब्याच्या पोटावर, झाकणावर कधी नाही. झाकण फिरतं, पोट फिरत नाही.

१५ नोव्हेंबर १९९८

दोन वर्षं झाली. जंगम स्वामींना जेवायला बोलावलं होतं. हे सकाळीच दुकानात गेले. स्वामी म्हणाले, "राजशेखर नाहीत?" गिऱ्हाईक आहे, म्हटलं. रविवारी लक्ष्मीपुरी बंद असते हे त्यांना ठाऊक नसेल का? 

ह्यांनी दोन वर्षांत तिचं नाव काढलेलं नाही. फार झालं तर 'ती' म्हणतात, तेही चुकून. मला वाटतं ते विसरायला बघतात. मी कसं विसरू? दर सोमवारी पूजा झाली की डब्यांवरची काजळी ओल्या फडक्यानं पुसते. तळाशी जास्त धरते. नावं वाचते, मोठ्यानं, हे नसताना. बिननावाच्या डब्यापाशी आले की नुसती थांबते.

४ मे १९९९

काजळी पुसून पुसून कागदी चिठ्ठ्याही झिजायला लागल्या. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याच्या पट्ट्या केल्या आणि खिळ्यानं ठोकून अक्षरं काढली. बोटाला दोनदा लागलं, पण काम पक्कं झालं. डब्याच्या गळ्यात तारेनं बांधल्या. आता डबा आगीत पडला तरी नाव जाणार नाही.

सुष्मीनं बघितलं असतं तर म्हणाली असती, "अव्वा, तू कॉलेजात पाहिजे होतीस." मॅट्रिकनंतर बाबांनी पुढे पाठवलं नाही. लग्न ठरलं होतं.

११ मे २०००

हे कसं लिहू. सकाळी अकराच्या सुमारास दारात एक म्हातारी. नऊवारीचा काष्टा, हातात काजूची पिशवी. म्हणाली, "पोरगी हाय का घरात? सुष्मिता म्हून. कालिजात शिकायची. पत्त्याचा कागद दिलाता तिनं."

बाळाबाई! पुडीवरची बाळाबाई.

आत घेतलं, पाणी दिलं. घोट घेऊन म्हणते कशी, "लई ग्वाड पोर तुमची. माझ्या चुलीम्होरं बसून नाचणीची आंबील प्याली. म्हणाली, आजी, घाबरू नका. तुमचं हे भात आमच्याकडं आलं म्हंजे मेलं न्हाय. कवाबी लागलं तर या. म्हून आलो बघा. थोरल्यानं सगळी काजू लावली. माझी भाताची एक बारकी वावरी ठेवलीती, तिचं बी गेल्या साली पावसानं कणगीतच कुजलं. आता त्या भाताचा दाणा आमच्या वाडीत न्हाय. पोरीकडं असंल तर वंजळभर द्या. पावसाआदी धूळपेर गाठायची हाय."

मी सांगितलं. भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. बाळाबाईनं फोटो बघितला, हार बघितला. "आमच्यातनं येतानाच?" म्हणाली. मी मान हलवली. मग ती जवळ सरकली. माझा हात हातात घेऊन बसली. तिचा हात खरखरीत, माझा ओला.

मग पदर सावरत म्हणाली, "जाती मी, बाई. कसलं भात आन काय."

तेव्हा मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या तोऱ्यानं उठले असेन. देवघरातून डबा आणला, मेण काढलं, सुष्मीची गाठ सोडली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. दाणे सोनेरी, वास स्वच्छ, एक किडा नाही. बाळाबाईनं हातात घेऊन डोळ्यांशी नेलं. "हेच की! शेंड्याला काळा ठिपका हाय बघा. राखंत ठेवलंसा न्हवं? मग काय हुत न्हाय. तीन-चार वरसं दम धरतंय हे."

"ह्याचं नाव काय हो? सुष्मीनं जागा मोकळी सोडली आहे."

"नाव? माझ्या सासूनं म्हायेरासनं आणलं. आमी सासूचं भातच म्हणताव. पर सासू म्हणायची, रायबोग."

शिसपेन्सिल आणून सुष्मीच्या पुडीवर, तिनं सोडलेल्या जागेत लिहिलं. रायबोग. माझं अक्षर तिच्या अक्षराला चिकटून बसलं.

अर्ध्याहून जास्त दिलं. दुकानाच्या कापडी पिशवीत घालून, आत चिठ्ठी, बाहेर चिठ्ठी. उंबऱ्यात बाळाबाई म्हणाली, "पोरीनं शब्द पाळला म्हणायचा." मी म्हटलं, "पाळला."

१२ मे २०००

ह्यांना सांगावंसं वाटत होतं. जेवताना तोंडाशी आलं होतं. सांगितलं नाही. पण आज किती दिवसांनी मी पोटभर जेवले.

२४ जून २०००

दुपारी हे अवेळी घरी आले. छत्री तशीच ओली, दारात टाकली.

"नीला, दुकानात फोन आलता. चंदगडातनं. कोण बाळाबाई हाय?"

माझ्या हातातून परात निसटली.

"तिच्या पोरानं केलता. पिशवीवरचा नंबर बघून. म्हणतोय, वाफ्यात एक कोंब न्हाय. दोनदा टाकलं. एक न्हाय. म्हातारी रडत्या म्हणाला. आपल्या घरातनं कसलं बियाणं गेलतं?"

सगळं सांगितलं. नदीवर गेले नव्हते तेही. ओरडतील असं वाटलं होतं. ह्यांनी टोपी काढली, खुंटीला लावायची ती हातातच धरून राहिले. मग म्हणाले, "कुठं हाय बाकीचं?"

आणि देवघरात गेले. साडेतीन वर्षांनी. उंबऱ्याशी थांबले थोडे, पण गेले.

फळीवरचा डबा त्यांनी उचलला. दोन्ही तळव्यांत धरून उभे राहिले, थंडीत चहाचा पेला धरावा तसा. डबा उलटा करून तळ बघितला, बोट फिरवलं, बोट काळं झालं. वाकून फळीखाली हात नेला आणि पटकन मागं घेतला. नंदादीपाकडे बघत होते, मग माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. आता बोलणार, वाटलं. एक दाणा काढून दाताखाली धरला, कटकन मोडला. धान्याच्या व्यापाऱ्याचं तोंड. काय कळलं असेल ते कळलं असेल.

"जुनं झालं असंल," एवढंच म्हणाले.

"जुनं कसं? बाळाबाई म्हणाल्या, राखेत ठेवलं तर तीन-चार वर्षं..."

"गप ऱ्हा, नीला," म्हणाले. पण असं गप कधी म्हटलेलं मला आठवत नाही. सावकाश, हातानं थोपटल्यासारखं.

१ जुलै

ओल्या फडक्यात दाणे बांधून ठेवले होते, रायबोगाचे. रोज पाणी शिंपडलं. आज सोडलं. तसेच आहेत. फुगलेत नुसते. एकाच्याही टोकाला पांढरं नाही. एकाला आहे असं वाटलं, ती बुरशी होती.

काय कमी पडलं? ओल लागू दिली नाही. कीड लागू दिली नाही. नाव तर आगीतही टिकेल असं केलं. दर सोमवारी विभूती लावली. देवाच्या डोळ्यांसमोर होतं. शिवा, तू तर बघत होतास.

सुष्मीनं शब्द दिला होता. माझ्या हातात होता तो.

आज बाकीच्या डब्यांतूनही हे चिमूट चिमूट बियाणं कागदात बांधून दुकानात घेऊन गेले. प्रत्येक पुडीवर नाव लिहून नेलं, माझ्यासारखंच, पेन्सिलीनं. काय करणार विचारलं तर म्हणाले, "बघतो."

८ जुलै

त्या पुड्यांचं काय झालं विचारलं. "अजून बघतोय," म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. परत विचारायचं धाडस झालं नाही.

आज आणखी एक केलं त्यांनी. सगळे डबे देवघरातून काढून आपल्या कॉटखाली ठेवले, मोरीच्या बाजूच्या गार भिंतीला, खाली फळी घालून. मला सहन झालं नाही. "इतके दिवस देवाजवळ होते," म्हटलं.

"आता माझ्याजवळ ऱ्हाऊ देत," म्हणाले.

ह्यांचा देवावरचा राग अजून गेलेला दिसत नाही. मी वाद घातला नाही. फळी रिकामी झाली, तिच्यावर डब्यांच्या तळाचे काळे गोल राहिलेत. घासून निघत नाहीत.

११ जुलै

हे पहाटेच्या गाडीनं चंदगडला गेले. ह्या पावसात! त्या रस्त्यानं! सुष्मी गेल्यापासून त्या वाटेच्या एसटीची पाटीसुद्धा वाचत नव्हते. मी दिवसभर जप करत बसले. संध्याकाळी हे आले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. "काय झालं?" "भेटलो म्हातारीला." "काय म्हणाल्या?" "काय म्हणणार. च्या दिला."  गरम पाणी दिलं. पाठ चोळताना लक्षात आलं की हे रडत आहेत. मी थांबले नाही, चोळत राहिले. थांबले असते तर त्यांना कळलं असतं की मला कळलं.

१४ सप्टेंबर २०००

बाळाबाई आल्या होत्या, मोतीबिंदू दाखवायला. मी पाया पडले. म्हटलं, "आमच्याकडून तुमचं भात गेलं. माफ करा."

"तुमच्याकडनं कुठलं? शेटजी सांगून गेल्यात की समदं."

"काय सांगितलं?"

"भर पावसात आलं, उंबऱ्यातच बसलं. आत या म्हटलं तर येईनात. म्हणालं, आजी, चूक माझी हाय. बायकूनं जिवापाड जपलंतं. मीच डबा दुकानात न्हेला आन पत्र्याखाली इसरलो. दोन उन्हाळं तापला. दाणा उबून मेला. तिला एक शबुद बोलू नका, ती पोरीची आई हाय." बाळाबाईनं डोळे पुसले. "बापय माणूस असा रडल्याला मी बघितला न्हवता, बाई. पोरगी कुठं बसलीती ते दाखवा म्हणालं. चुलीम्होरली जागा दाखवली, तर तितं जाऊन बसलं. मग आंबील मागितली."

 डबा कधी दुकानात गेलाच नव्हता. देवघरातली फळी सोडून तो हलला नव्हता, मी दर सोमवारी पुसत होते. ह्यांना खोटं बोलायची सवय नाही. वजनात धूळसुद्धा नको म्हणून काट्याला फुंकर घालणारा माणूस, आणि एवढं घडवून रचून खोटं, तेही त्या वाटेनं जाऊन? "अहो, असं नाही झालं," असं अगदी ओठांवर आलं होतं. पण परक्या माणसापुढे नवऱ्याला खोटं पाडू कशी?

बाळाबाई जेवून गेल्या. मी ठरवलं, आज विचारायचंच. कोणाचं पाप कोणी का घ्यावं? नाहीतरी ते कोणाचंच नव्हतं, देवाच्या मनात नव्हतं इतकंच.

हे दिवेलागणीला आले. हातपाय धुऊन पाटावर बसले. मी भाकरी वाढली, झुणका वाढला. ह्यांनी घास मोडला आणि खाली बघतच म्हणाले,

"सुष्मीला असाच लागायचा न्हवं? करपायला आलेला, कोरडा."

सुष्मी म्हणाले. तोंडानं, नाव घेऊन.

"व्हय," मी म्हटलं. "खरवडून खायची."

"आन कढईसाठी तुझ्याशी भांडायची."

"तुमच्याशी पण."

तव्यावरची भाकरी करपली तरी मला उठवेना. हे बोलत होते. थांबत, घास हातात धरून, पण बोलत होते. ती पहिलीत असताना दुकानात येऊन तांदूळ-गहू एकत्र केले होते ते. मला हे कधी कळलंच नव्हतं.

विचारायचं राहून गेलं. आता विचारणार नाही. नाव एकदाचं बाहेर आलं आहे, माझ्या एखाद्या प्रश्नानं ते परत आत जायला नको.